लोकरीचं चिलखत

चिलखत राउनीबाईंनी विणलंय.
करडी लोकर, जाड सुया, वर चंदेरी रंगाचे दोन हात.
काजानीच्या नदीत, पडक्या किल्ल्याच्या बेटावर,
उणे एकवीसमध्ये ते अगदी लोखंड वाटतं,
फक्त वाजत नाही.
खणखणाट ओइवा नंतर घालणार आहे,
चमच्यांचा.

आत तुइस्कू आहे. वय त्रेचाळीस.
रात्री नगरपालिकेचा बर्फ ढकलायचा ट्रक चालवते,
रविवारी मिठाच्या वेशीचा पहारेकरी होते.

नऊ खंडांची कादंबरी.
चौथ्यात पहारेकरी एकदाच चिलखत उतरवतो,
नदीकाठी, दोन ओळींत,
आणि लेखक घाईनं ढगांबद्दल बोलू लागतो.
पाचव्यात भाला लागतो.
मग वैद्य येतो, कापड फाडतो, सगळे आ वासतात. दीड पान.
जिवंतपणी दोन ओळी, प्रेताला दीड पान.
तुइस्कूनं ते सोळाव्या वर्षी वाचलं
आणि पुस्तक गादीखाली ठेवलं.
लपवायला नव्हे, म्हणाली,
त्याला ऊब मिळावी म्हणून.

मी माइक धरते.
बघा, माझं तर पहिल्याच क्रियापदात कळलं.
त्यांच्या भाषेत तो नि ती
एकाच शब्दात राहतात, एका कोटात दोघं.
किती सोपं, मी म्हटलं.
तुइस्कू हसली.
सोपं, हो. माझ्या आईला सहा वर्षं सोपं गेलं.
त्या शब्दाच्या आडोशाला बसून
तिला काही म्हणावंच लागलं नाही.
तुमच्याकडे?
आमच्याकडे आला की आली
हे ठरल्याशिवाय दारातून आत येता येत नाही.
मग आली म्हण, ती म्हणाली. आत घे मला.
आणि पहारेकऱ्याला?
तिनं थर्मासचं झाकण फिरवलं, बराच वेळ.

मरणाचा प्रसंग.
ओइवा एकोणीस वर्षांचा, पुस्तक तोंडपाठ.
भाला. पड. मर.
ती पडली. छान पडली.
वैद्य झालेला पोस्टमन एस्को पुढे आला,
हातमोज्यांतून गाठ सुटेना.
दुसऱ्यांदा पडली.
तिसऱ्यांदा बर्फातूनच म्हणाली,
नाही मरत मी.
म्हणजे?
म्हणजे भाला लागू दे. दुखू दे. मग उठते, कॉफी मागते.
पुस्तकात असं नाहीये, ओइवा म्हणाला.
पुस्तकात मीही नाहीये,
ते दीड पान सोडलं तर.
एस्कोनं तोवर कॉफी ओतली होती.

तो शॉट ठेवलाय. नाक वाहतंय त्यात तिचं.
आमच्या फिल्ममध्ये पहारेकरी सरळ म्हातारी होते,
वेशीवर, मिठाच्या पोत्यावर बसून,
येणाऱ्याजाणाऱ्याला उगाच दटावत.
म्हातारी, हो.
झाकण बसलं तेव्हा तुइस्कूनं मान हलवली होती.

संध्याकाळी शिरस्त्राण चार नंबरच्या बसमध्ये राहिलं.
पुठ्ठा, डिंक, भोकं पाडलेला बिस्किटांचा डबा,
तीन आठवड्यांचं काम.
आम्ही सगळे राउनीबाईंच्या स्वयंपाकघरात,
मोजे खुर्च्यांवर वाळत,
ओइवा कोपऱ्यात चमचे आपटून रेकॉर्ड करतोय.
बाईंनी हरवल्या वस्तूंच्या कचेरीला फोन लावला,
कानानं कमी ऐकणाऱ्यांचा असतो तसा चढा आवाज:
हॅलो. शिरस्त्राण.
नाही, सायकलचं नाही.
लढाईचं.
कोणाचं म्हणजे?
माझ्या मुलीचं.

हा शब्द त्यांच्याकडेही मुलीचाच आहे.
त्याला आडोसा नाही.
तुइस्कू खिडकीकडे तोंड करून
कधीचाच कोरडा झालेला कप पुसत राहिली.

रेकॉर्डिंगमध्ये सगळं आलंय.
चमचे, मग चमचे नाहीत,
मग पलीकडची बाई रंग विचारतेय असणार,
कारण राउनीबाई सांगतायत:
चंदेरी.
ओलं झालं की करडं.